वाटणीचा दावा आणि दोन हुकूमनामे

दिवाळी अंकाच्या पानावर कोर्टकचेरीचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड वाढण्यासारखे आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु वर्षभर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर असे चार दिशांना पांगलेले कुटुंब एकत्र बसते ते याच चार दिवसांत. आणि वडिलांच्या मागे राहिलेल्या घराचा विषय निघतो तोही बहुधा भाऊबीजेचे ओवाळणे उरकल्यावर. थोरले बंधू म्हणतात, "बिल्डर घाई करतो आहे, सगळ्यांच्या सह्या हव्यात." धाकटा विचारतो, "सही करतो दादा, पण माझ्या वाट्याला काय?" बहीण गप्प असते, कारण तिला कोणी विचारलेलेच नसते. तेव्हा ज्या घरांत हा प्रश्न आज ना उद्या निघणार आहे, त्या घरांसाठी यंदाचे हे पान.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरे. पण चढावीच लागली, तर एकूण पायऱ्या किती आणि मधला जिना कोठे वळतो, हे आधी माहीत असावे. वाटणीच्या दाव्याविषयी एक गैरसमज घरोघर आढळतो. लोकांना वाटते, निकाल आपल्या बाजूने लागला की घराची किल्ली हातात. तसे नाही. या दाव्यात हुकूमनामे दोन होतात. पहिला सांगतो की, तुमचा हिस्सा किती. दुसरा सांगतो की, तो हिस्सा कोणता. पहिल्याने कागदावर आकडा मिळतो, दुसऱ्याने जमीन, खोली किंवा पैसा. पुष्कळ कुटुंबे पहिल्या हुकूमनाम्यापर्यंत इतकी दमून जातात की, दुसऱ्याची वाट पाहता पाहता एक पिढी निघून जाते.

एका आईचा दावा

हे नुसते सांगून पटायचे नाही. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातला, वकिलांच्या पुस्तकांत कायमचा जाऊन बसलेला एक खटला घेऊ. गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडप्पा मगदूम. खंडप्पा १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे व तीन मुली. मिळकत म्हणजे दोन घरे, एक जमीन, दोन दुकाने आणि काही जंगम चीजवस्तू. १९६२ साली हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला आणि चोवीस भागांपैकी सात भाग मागितले.

हा सात-चोवीसांश कोठून आला? हिशेब सोपा आहे. खंडप्पांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती, तर नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार वाटे पडले असते. म्हणजे आईचा एक चतुर्थांश. मग खंडप्पांचा स्वतःचा जो एक चतुर्थांश, तो पत्नी आणि पाच मुले अशा सहा वारसांत वाटायचा. त्यात प्रत्येकाला एक-चोवीसांश. आईचे स्वतःचे सहा भाग आणि वारसाने आलेला एक, मिळून सात.

मुलाची कैफियत अशी पडली की, मिळकत एकत्र कुटुंबाची नाहीच, ती वडिलांची स्वकष्टार्जित. शिवाय वाटणी पूर्वीच होऊन चुकली आहे. वाचकहो, हे दोन बचाव नीट लक्षात ठेवा. "ते तर वडिलांनी स्वतः कमावलेले" आणि "वाटणी तर कधीच झाली", हे दोन्ही उपनगरांतल्या दाव्यांतही ऐकायला मिळतात.

खालच्या कोर्टाने १९६५ साली मुलाचे म्हणणे फेटाळले, पण आईला वारसाचा तेवढा एक-चोवीसांश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने १९७५ साली तो सात-चोवीसांश केला. मुलाने सर्वोच्च न्यायालय गाठले. एप्रिल १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी आईच्याच बाजूने निकाल दिला. १९६२ ते १९७८, म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक. आणि एवढ्या काळात ठरले काय, तर एक अपूर्णांक. तोही आईने दाव्याच्या पहिल्या दिवशी मागितला होता तोच.

आज हाच हिशेब कसा होईल?

त्या हिशेबात तीन मुलींना प्रत्येकी एक-चोवीसांश आणि दोन मुलांना प्रत्येकी सात-चोवीसांश आले. त्या काळचा कायदाच तसा होता. आज तसे नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवसापूर्वी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने, लग्न झालेले असो वा नसो, प्रत्येक मुलीला मुलाच्या बरोबरीने आणले. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत का, यावर बरीच वर्षे वाद चालला. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हक्क जन्माचा आहे, वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी खरोखर झालेली वाटणी वा विक्री या कायद्याने मोडत नाही. आणि "तोंडी वाटणी झाली होती" एवढे सांगून भागत नाही, त्याला भक्कम लेखी आधार लागतो.

आता मगदूम कुटुंबाचा हिशेब आजच्या कायद्याने मांडून पाहा. वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात वाटे. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा वारसांत वाटायचा. प्रत्येकाचा सातवा आणि त्यावर बेचाळिसावा, म्हणजे बरोबर एक षष्ठांश. आई, मुलगे, मुली, सगळे सारखे. जिला चोवीसांतला एक भाग मिळाला असता, तिला आज चोवीसांतले चार मिळतात.

दुसरी गोष्ट स्वकष्टार्जित मिळकतीची. वडिलांनी पगारातून घाटकोपरला ब्लॉक घेतला असेल, तर त्याचे ते हवे तसे मृत्युपत्र करू शकतात. मृत्युपत्र न करता ते वारले, तर पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, हे सारे सारख्या हिश्श्याचे धनी होतात. पूर्वी राहत्या घराची वाटणी मागायला मुलीला भावांची मर्जी सांभाळावी लागे. ते कलमही २००५ साली काढून टाकले गेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून एकाचे नाव लागले, म्हणून तो एकटा मालक होत नाही. तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. आणि चाळीतली भाड्याची किंवा पागडीची खोली या हिशेबात धरू नका. तिच्यात मालकी नसते, भाडेकरूचा हक्क असतो. त्याचा कायदा वेगळा आणि कोर्टही वेगळे, म्हणजे लघुवाद न्यायालय.

पहिली चढण: हिस्सा ठरेपर्यंत

दावा कोठे लावायचा? साधारण नियम असा की, मिळकत जेथे, दावा तेथे. आपली उपनगरे १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत बृहन्मुंबईत आली, म्हणून दहिसर आणि मुलुंडपर्यंतच्या मिळकतीचे दावे मुंबईच्या न्यायालयांत चालतात. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाण्याचे न्यायालय. मुंबईतही दाव्याच्या किमतीप्रमाणे दोन दारे आहेत. मुंबई शहर दिवाणी न्यायालय १९४८ च्या कायद्याने स्थापन झाले. ते फोर्टमध्ये जुन्या सचिवालयाच्या इमारतीत बसते आणि पश्चिम उपनगरांसाठी दिंडोशीलाही बसते. जानेवारी २०२४ पासून दहा कोटी रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात; त्यावरचे थेट उच्च न्यायालयात.

दाव्याचा पाया म्हणजे वादपत्र. त्यात वंशावळ हवी, प्रत्येक मिळकतीचे वर्णन व चतुःसीमा हव्यात आणि प्रत्येक हिस्सेदाराचे नाव हवे. एखादी बहीण अमेरिकेत आहे म्हणून तिला वगळले, तर दाव्यात तेथेच खोट राहते. तसेच अंधेरीचे घर तेवढे दाव्यात घातले आणि रत्नागिरीची आंब्याची बाग सोडली, तर "ही अर्धवट वाटणी आहे" असा आक्षेप येतो. एकत्र कुटुंबाची सारी मिळकत एकाच दाव्यात आणावी, हा साधारण नियम. कोर्ट फी मात्र सबंध घराच्या किमतीवर नसते, तर वादी जो हिस्सा मागतो त्याच्या किमतीवर असते.

मुदतीचेही भान हवे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले आहे, हे कळल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. "बघू, पुढच्या दिवाळीत बोलू" असे बारा वेळा म्हटले की काय होते, ते यावरून ध्यानात येईल.

दावा दाखल झाल्याबरोबर दोन कामे करावीत. पहिले, घर विकले जाऊ नये वा पाडले जाऊ नये म्हणून मनाई हुकमाचा अर्ज. दुसरे काम आपल्याकडचे खास आहे आणि पुष्कळांना ते ठाऊक नसते. मिळकतीवर दावा चालू असताना कोणी ती विकत घेतली, तर घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक होतो, हे सर्वसाधारण तत्त्व. परंतु मुंबई प्रांताने १९३९ साली त्यात दुरुस्ती करून ठेवली आहे. येथे त्या संरक्षणासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही आणि एखाद्या भावाने आपला हिस्सा परस्पर बिल्डरला लिहून दिला, तर निस्तरायला आणखी एक लढाई.

यानंतर समन्स निघते. प्रतिवादीने तीस दिवसांत कैफियत द्यावयाची. कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवते आणि फारच सबळ कारण असेल तर त्याहूनही सवलत देते. कैफियतीत ज्या गोष्टी नाकारल्या, त्यांवरून कोर्ट वादाचे मुद्दे काढते. मिळकत वडिलोपार्जित आहे काय? पूर्वी वाटणी झाली काय? मृत्युपत्र खरे काय? या प्रश्नांभोवतीच पुढचा सारा पुरावा फिरतो. साक्षीदाराचा सरतपास आता प्रतिज्ञापत्रावर होतो आणि उलटतपास समोरासमोर.

पुरावा म्हणजे मुख्यतः कागद. मूळ खरेदीखत, सिटी सर्व्हेच्या कचेरीतले प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेची कराची बिले, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचे दाखले. येथे एक सूचना. प्रॉपर्टी कार्डावर एकट्या थोरल्या भावाचे नाव लागले, म्हणून इतरांचा हक्क बुडत नाही. ती सरकारी नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. उलट, "नुसती सोसायटीसाठी सही हवी आहे" म्हणून बहिणीपुढे जो कागद येतो, तो नोंदणीचे हक्कसोडपत्र निघाला, तर हक्क खरोखरच जातो. न वाचता सही करू नये, हे बहिणींना. आणि न वाचून दाखवता सही घेऊ नये, हे भावांना.

या सगळ्यानंतर येतो तो प्राथमिक हुकूमनामा. अमक्याचा षष्ठांश, तमकीचा षष्ठांश. पेढे वाटले जातात. येथेच जिना वळतो.

दुसरी चढण: हिस्सा हाती येईपर्यंत

पहिली अडचण अपिलाची. प्राथमिक हुकूमनामा मान्य नसेल, तर अपील तेव्हाच करावे लागते. "शेवटचा निकाल लागू दे, मग एकदमच अपील करू" असे म्हणून जो थांबतो, त्याला पुढे प्राथमिक हुकूमनाम्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ९७ वे कलम असे स्पष्ट सांगते.

दुसरी अडचण माणसांच्या आयुष्याची. दावा चालू असताना एखादा पक्षकार वारला, तर त्याचे वारस नव्वद दिवसांत दाव्यात आणावे लागतात. ते राहून गेले तर त्याच्यापुरता दावा संपतो. मग तो उठवायला साठ दिवसांत वेगळा अर्ज आणि उशिराची कारणे. जेथे सहा भावंडे पक्षकार, तेथे हा प्रसंग एकदाच येत नाही. शिवाय अंतिम हुकूमनामा होईपर्यंत हिस्सेही बदलू शकतात. कोणी वारला तर त्याचा हिस्सा पुढे वाटला जातो, आणि कायदा बदलला तर त्याचाही हिशेब होतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्राथमिक हुकूमनामा झालेल्या दाव्यातही मुलींना नव्या कायद्याचा हिस्सा मिळण्याचा मार्ग मोकळा केला.

तिसरी अडचण प्रत्यक्ष मोजणीची. घर आणि मोकळी जागा यांचे वाटप सुचवण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमते. तो जागेवर येतो, मोजमाप घेतो आणि सरस-निरस मानाने वाटे पाडून अहवाल देतो. रस्त्याकडची बाजू एकाला आली, तर त्याने दुसऱ्याला किती रक्कम द्यावी, हेही तो सुचवतो. गावची शेतजमीन सरकारसारा भरणारी असेल, तर तिचे वाटप कलेक्टरमार्फत होते. पण बोरिवलीचा दोन खोल्यांचा ब्लॉक सहा जणांत कसा कापायचा? त्यासाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे. निम्म्या किंवा अधिक हिश्श्याचे मालक मागणी करतील, तर कोर्ट मिळकत विकून पैसे वाटू शकते; आणि ज्याला घर सोडवत नाही, त्याला कोर्टाने ठरवलेल्या किमतीत इतरांचे हिस्से विकत घेता येतात. जो भाऊ आईवडिलांजवळ राहिला, ज्याचा संसार त्याच घरात आहे, त्याने हे कलम आधीच समजून घ्यावे. पैशाची तजवीज लिलावाच्या नोटिशीनंतर करू गेल्यास साधत नाही.

हे सारे झाल्यावर अंतिम हुकूमनामा. तो मुद्रांकावर उतरवावा लागतो आणि त्याची दरखास्त बारा वर्षांत करावी लागते. ही बारा वर्षे हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजली जातात, मुद्रांक आणून दिल्याच्या तारखेपासून नव्हे. मुद्रांकाचे पैसे कोणी भरायचे यावर भावंडे भांडत बसली, तरी घड्याळ थांबत नाही.

दोन हुकूमनाम्यांमधले हे अंतर न्यायालयांच्याही नजरेत आले आहे. पूर्वी प्राथमिक हुकूमनामा झाला की कागद बाजूला पडत आणि कोणी अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज केला तरच पुढे हालत. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दावा एकच आहे, तो दोन तुकड्यांत तोडू नये. आणि जून २०२२ मध्ये देशातल्या सर्व दिवाणी न्यायालयांना सांगितले की, प्राथमिक हुकूमनामा होताच पुढच्या कामाची तारीख आपणहून लावावी, वेगळ्या अर्जाची वाट पाहू नये. तुमच्या दाव्यात ती तारीख लागली नसेल, तर वकिलांना या निकालाची आठवण द्यावी.

तडजोड केव्हा?

वाटणीच्या दाव्याची एक खूण अशी की, त्यात प्रत्येक प्रतिवादी हा वादीही असतो. प्रतिवादी बहिणीलाही त्याच दाव्यात आपला हिस्सा वेगळा करून मागता येतो. मालक आणि चोर असा हा सामना नव्हे. सगळे मालकच, मोजणी तेवढी राहिलेली. म्हणूनच तडजोडीला हा दावा जितका सोयीचा, तितके थोडेच असतील. कोर्टातर्फे मध्यस्थीची सोय आहे, लोकअदालत आहे. आणि सर्वांच्या सह्यांची लेखी तडजोड कोर्टापुढे ठेवली की तिचाच हुकूमनामा होतो.

तडजोडीच्या दोन वेळा चांगल्या. एक, दावा लावण्यापूर्वी. ती हुकली, तर दुसरी प्राथमिक हुकूमनाम्यानंतरची. तेव्हा कोणाचे किती, हा वाद संपलेला असतो. राहिलेला असतो तो रस्त्याकडची खोली कोणाला आणि तिचा मोबदला किती, एवढाच. हे भांडण सोडवायला न्यायाधीशांपेक्षा एखादा मूल्यमापक, एक कागद आणि चहाच्या दोन फेऱ्या पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात. पण पहिल्या चढणीत एकमेकांविषयी जे बोलले गेले, कैफियतीत जे लिहिले गेले, ते आड येते. म्हणून वकिलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे: आमचा हक्क कणखरपणे मांडा, पण आमच्या भावाला लबाड म्हणण्याची गरज नसेल तेथे म्हणू नका. हिस्सा त्याने वाढत नाही.

या दिवाळीत घराचा विषय निघालाच, तर वाद घालण्याआधी एक कागद घ्यावा. त्यावर वंशावळ काढावी, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. खाली मिळकतींची यादी लिहावी, गावच्या जमिनीसकट. प्रत्येकीपुढे तिचे मूळ कागद कोणाजवळ आहेत ते नोंदवावे, आणि सर्वांना त्यांच्या प्रती द्याव्यात. दावा लागला तर वकील पहिल्या भेटीत हाच कागद मागतील, आणि न लागला तर तो बहुधा याच कागदामुळे लागणार नाही. आईचे वय झाले असेल, तर तिच्या नावापुढे तिचा हिस्साही आकड्यात लिहावा आणि तो तिला वाचून दाखवावा. हिराबाईंना तो आकडा पक्का करून घ्यायला पंधरा वर्षे लागली. तुमच्या आईला तो पाडव्याच्या संध्याकाळी घरबसल्या ऐकता येईल.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.